विहिरींना दहा दिवस

"ऑक्टोबरचा आकडा खोटा होता, आणि तो मीच दिला होता," नोरबुता-अका म्हणाले आणि टोपी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

टोपीवरचा बर्फ वितळून पाणी माझ्या वहीवर ठिबकायला लागलं. एरवी मी त्यांना चार शब्द सुनावले असते. पण समोर आमचे मुख्य इंजिनियर कहरमान राशिदोविच बसले होते, आणि सकाळपासून चौथ्यांदा राजधानीच्या शिव्या खाऊन त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मी गुपचूप वही बाजूला ओढली.

"अका, तुम्ही थकलायत," साहेब म्हणाले. "चहा घ्या, घरी जा, झोपा. उद्या बोलू."

"उद्यापर्यंत जमिनीखालचं पाणी अजून वर येईल. काठावरच्या तिन्ही विहिरी बघून आलोय. अजून पाच दिवस असंच ओढत राहिलो, तर गॅसच्या जागी पाणी वर येईल. मग फेब्रुवारीत काय सोडणार आपण, पाणी?"

मी जुमरद. सरिक्कुमच्या गॅस साठ्यावर कंट्रोल रूममध्ये बसते. एकवीस वर्षं मी रोज सकाळी वायरलेसवर नोरबुता-अकांचा आवाज ऐकला आहे आणि त्यांनी सांगितलेले विहिरींच्या दाबाचे आकडे वहीत उतरवले आहेत. अका म्हणजे थोरला भाऊ, वडीलधाऱ्या माणसाला आम्ही असंच म्हणतो. माझा नवरा कामासाठी रशियात गेला आणि तिथलाच झाला, तेव्हा हिशेबाने बघितलं तर आयुष्यात सगळ्यात जास्त मी याच माणसाचा आवाज ऐकला आहे. तोही काय, तर "बारा नंबर, एकसष्ट पूर्णांक चार." कधी एखादा शब्द जादा नाही.

आमचा साठा म्हणजे टाक्या नव्हेत. बाहेरून कुणी आलं तर त्याला वाळवंटात इकडे तिकडे उभे पिवळे पाइप आणि त्यांच्याभोवती तारेची कुंपणं दिसतात, बस. त्याच आमच्या विहिरी. खाली सातशे मीटरवर वाळूचा थर आहे, आणि त्याच्या तळाशी पाणी. त्यातला मूळचा गॅस आमच्या बापांच्या पिढीने उपसून संपवला. आता त्या रिकाम्या थरात आम्ही उन्हाळ्यात गॅस भरतो, जेव्हा तो स्वस्त असतो आणि कुणाला फारसा नको असतो, आणि हिवाळ्यात काढतो. आम्ही नीट भरलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही की आम्ही आहोत. नीट भरलं नाही, तर ताश्कंदच्या बायका थंड शेगडीपुढे काडी पेटवून उभ्या राहतात, आणि साठ हजार सोमची कोळशाची पिशवी बाजारात दीड लाखाला जाते. त्या जानेवारीत तेच चाललं होतं. पारा उणे वीसच्या खाली उतरला होता आणि लोक सिलिंडरच्या रांगेत एकमेकांची गचांडी धरत होते.

राजधानीतल्या ऑफिसातून सकाळपासून एकच आवाज फोनवर ओरडत होता, "तुमच्याकडे भरपूर आहे! ऑक्टोबरचा कागद माझ्यासमोर आहे, साठा पूर्ण भरलेला. मग सोडा ना! अंडी उबवताय काय त्याच्यावर बसून?"

तो ऑक्टोबरचा कागद माझ्या हातचा होता.

शरद ऋतूत भरणं थांबवलं की विहिरींना दहा दिवस विश्रांती द्यायची, असा आमच्याकडचा रिवाज. आत ढकललेला गॅस विहिरींच्या आसपासच दाटून बसलेला असतो, तो वाळूत लांबवर पसरायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी दाबाची गेज बघाल तर साठा तुडुंब भरल्यासारखा दिसतो. खरं काय ते दहाव्या दिवशी कळतं. सव्वीस वर्षं नोरबुता-अका हे दहा दिवस तिकडे रानातल्या पत्र्याच्या खोलीतच काढायचे. सुकी भाकरी, कांदा, हिरवा चहा, आणि दिवसातून दोनदा सगळ्या विहिरींची फेरी. गाववाले थट्टा करायचे, "अका, विहिरींना अंगाई म्हणता का हो?" अका म्हणायचे, "नाही. मी गप्प बसतो. त्यांना तेवढंच हवं असतं." दहाव्या दिवशी दाढी वाढवून, डोळे लाल करून यायचे आणि आकडा द्यायचे. त्या आकड्यावर राजधानी ठरवायची, की पुरेसं भरलंय की अजून तीन आठवडे भरायचं.

या वर्षी दुसऱ्याच दिवशी त्यांना ताश्कंदहून फोन आला. त्यांची एकुलती मुलगी सबोहत, सातवा महिना, रक्तस्राव होऊन दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, मूल राहील की नाही सांगता येत नाही. सबोहतची आई सहा वर्षांपूर्वीच गेलेली. पोरीने फोनवर एवढंच म्हटलं होतं, "दादाजोन, तुम्ही या." आमच्याकडे मुली बापाला दादाजोन म्हणतात.

रजा मागायला ते या खोलीत आले तेव्हाही मी इथेच होते. कहरमान राशिदोविच म्हणाले होते, "जा की! नाही कोण म्हणतंय? पण आकडा देऊन जा. वरून रोज विचारतायत. आकडा नाही, तर रजा नाही."

"विहिरी अजून निजल्या नाहीत, साहेब."

"निजतील हो तुमच्यामागे. आकडा द्या."

 अकांनी आकडा दिला आणि संध्याकाळची गाडी पकडायला धावत सुटले. फॉर्मवर एक रकाना असतो, 'विहिरी किती दिवस बंद होत्या'. त्यांनी तो कोराच सोडला होता. मी त्यात 'दहा' लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. दर वर्षी दहा लिहायचे, म्हणून लिहिलं, असं मी स्वतःला सांगते. पण तारीख मला माहीत होती.

साठा भरला म्हणून राजधानीने पुढचं भरणं रद्द केलं आणि उरलेला गॅस दुसरीकडे वळवला. बारा दिवसांनी अका परत आले. मुलगी वाचली होती, पोटातलं मूल वाचलं होतं. ते रानात जाऊन गेज बघून आले आणि माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. दाब चांगलाच उतरला होता. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. "हिवाळा हलका जाईल कदाचित," ते म्हणाले. मी म्हटलं, "जाईल की." त्या दिवशी आम्हां दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं, तरी भरायला अजून उबदार दिवसांचे दोन आठवडे हातात होते. पण तोंड उघडलं नाही. त्यांना मुलीचं सुख पुरलं होतं आणि मला माझी नोकरी.

तर आता ती गोष्ट माझ्या टेबलावर येऊन पडली होती, त्या ओल्या टोपीसकट.

कहरमान राशिदोविच उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, "अका, नीट ऐका. आपण सांगू, गेज गोठली. थंडीत गोठतात. आकडे चुकतायत, तपासतोय. तेवढ्यात हवा पालटेल."

"आणि नाही पालटली तर?"

"तर तेव्हा बघू! बरं, मला सांगा, तुमची मुलगी कुठे राहते ताश्कंदात?"

साहेबांनी उत्तराची वाट बघितली नाही.

"सगळ्यात शेवटच्या वस्तीत, नवव्या मजल्यावर. मला माहिताय. आपण इथून तिसरा हिस्सा कमी केला, की पहिला कुणाचा गॅस जाईल? पाइपच्या शेवटी कोण आहे? तान्हं मूल आहे ना घरात? किती दिवसांचं झालं?"

"बावीस."

"मग? स्वतःच्या नातवाची शेगडी स्वतःच्या हातानं विझवणार?"

मी साहेबांना फार ओळखते. माणूस दुष्ट नाही, घाबरट आहे. पण त्या घटकेला मला त्यांच्या तोंडावर वही फेकून मारावीशी वाटली.

सकाळीच अका माझ्या फोनवरून सबोहतशी बोलले होते. तिच्याकडे शेगडीची ज्योत नखाएवढी राहिली होती. घरच्यांनी स्वयंपाकघरात गोधड्या टांगून तंबू केला होता आणि बाळाला घेऊन ती त्यात बसून होती. "इकडे ये," अका म्हणत होते, "माझ्या घरात लाकडाची चूल आहे, खोली तापते. मी स्टेशनवर येतो घ्यायला." पण तिच्या नवऱ्याची, जसूरची आई ऐकत नव्हती. चिल्ला संपल्याशिवाय, चाळीस दिवस भरल्याशिवाय बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. त्या घरात ही गोष्ट फार कडक पाळायचे. "माझी दोन पोरं अशीच बाहेर नेली म्हणून गेली," असं ती म्हातारी रडून सांगत होती म्हणे. अशा बाईशी वाद कसा घालणार?

अकांनी पुढे होऊन माझ्या टेबलावरचा फोन उचलला. "राजधानी लाव," ते मला म्हणाले.

मी साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी लावला.

पलीकडे तोच सकाळचा आवाज होता. "कोण?"

"नोरबुता. सरिक्कुमच्या विहिरींचे दाब मी बघतो."

"साहेबांना द्या."

"साहेब इथंच आहेत. पण आकडा माझा आहे, म्हणून मी बोलतोय. ऑक्टोबरात मी विहिरींना विश्रांती न देता आकडा दिला. दुसऱ्या दिवशीचा. तुमच्या कागदावर आहे तेवढा गॅस इथं नाही. निम्माही नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"फॉर्मवर दहा दिवस लिहिलेत."

 अकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ते मीच लिहायला लावलं," ते म्हणाले. "आजपासून तिसरा हिस्सा कमी ओढा, फेब्रुवारी पार पडेल. नाही तर महिनाअखेरीला इथून काहीच येणार नाही. गाड्यांचे पंप बंद करा, कारखाने बंद करा, शेजारच्या देशाकडे मागा. आमच्या भरवशावर तुम्ही अजून मागितलं नसणार, म्हणून सांगतोय."

"का? का दिलात असा आकडा?"

"रजा हवी होती."

"रजा?"

"खासगी काम होतं."

"इथं म्हातारी माणसं झोपेत गारठून जातायत, आणि तुम्ही मला खासगी काम सांगताय?"

"हो," अका म्हणाले. "तेव्हा आता कमी करा."

त्यांनी फोन ठेवला. खुर्ची असूनही बसले नाहीत. मला म्हणाले, "आता सबोहत."

"अका, थोडा वेळ जाऊ द्या."

"तिच्याकडे वेळ नाहीये. लाव."

तिचा आवाज मला टेबलाच्या अलीकडेही ऐकू येत होता. मागे बाळ किरकिरत होतं.

"पोरी, ऐक. आज दुपारनंतर तुमच्याकडे गॅस बहुतेक येणारच नाही. चार-पाच दिवस. कोळशाची चूल असलेलं कुणाचं घर आहे का जवळ?"

"जसूरच्या आत्याचं आहे, जुन्या मोहल्ल्यात. पण चिल्ला—"

"चिल्ला राहू दे. बाळाला छातीशी बांध, वर जसूरचा कोट घाल आणि आत्ता नीघ. सासूबाई ओरडतील, ओरडू दे."

"तुम्हाला कुणी सांगितलं येणार नाही म्हणून?"

"मीच कमी करायला सांगितलंय."

"तुम्ही?"

"साठ्यात गॅस कमी आहे. ऑक्टोबरचा माझा आकडा चुकला होता."

"तुमचा?" ती हसलीच एकदम, रडताना माणूस हसतं तशी. "दादाजोन, आई आजारी होती तेव्हासुद्धा तुम्ही तिकडं रानात बसून होतात. दहा दिवस. विहिरींचा आकडा चुकायला नको म्हणून. आई वाट बघत होती. आणि आता म्हणता चुकला? तोही नेमका याच वर्षी?"

अकांनी डोळे मिटले. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. मला ओरडून सांगायचं होतं, अगं, तुझ्यासाठी चुकला, तुझ्या त्या किरकिरणाऱ्या पोरासाठी चुकला! अकांनी हात वर करून मला गप्प बसवलं.

"चुकला, पोरी. नीघ आता तू," ते म्हणाले.

फोन तिकडूनच बंद झाला.

"सांगायचं होतं तिला," मी म्हटलं. 

"काय सांगू? तुझ्यापायी अर्धं शहर गारठलं? जन्मभर पोराकडे बघताना तिला तेच आठवेल. तू पण कधी सांगायचं नाहीस, जुमरद. शपथ घे."

मी शपथ घेतली. साहेब अजून खिडकीतून बाहेरच बघत होते. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

दुपारी तीन वाजता आम्ही व्हॉल्व्ह आवळले. राजधानीने गाड्यांचे पंप बंद केले, कारखाने बंद केले, शेजारच्या देशाकडून महाग भावाने गॅस घेतला. शहराच्या कडेच्या वस्त्या पाच दिवस पूर्ण गार राहिल्या, पण विहिरी वाचल्या आणि मार्चपर्यंत पुरल्या. याबद्दल कुणी कुणाचे आभार मानले नाहीत. ऑफिसच्या दारात मानाच्या कामगारांच्या फोटोंचा फलक आहे. त्यावरून अकांचा फोटो उतरवला, वर्षाचा बोनस कापला, आणि त्यांचं नाव घालून एक नोटीस लावली. ती कुणीतरी मोबाइलवर टाकली आणि देशभर फिरली. लोकांनी खाली काय काय लिहिलं होतं, ते मी वाचलं. अकांनी वाचलं की नाही माहीत नाही. कहरमान राशिदोविच यांना तोंडी समज मिळाली आणि वसंतात बढती मिळाली. अकांना काढून टाकलं नाही, कारण पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यातली प्रत्येक विहीर ओळखणारा दुसरा माणूस कुणाकडे नव्हता.

सबोहत त्याच दुपारी बाळाला घेऊन आत्याकडे गेली होती. बाळाला न्यूमोनिया झाला, अकरा दिवस दवाखान्यात काढले, आणि बरं झालं. हे सगळं जावयाच्या फोनवरून कळलं. सबोहतने फोन केला नाही. अका रोज दुपारी माझ्या खोलीत यायचे, चहा घ्यायचे, फोनकडे पाठ करून बसायचे आणि उठून जायचे. एके दिवशी मी न राहवून म्हटलं, "तुम्हीच लावा ना." ते म्हणाले, "तिला बोलावंसं वाटेल तेव्हा ती बोलेल. मी फोन केला, तर तिला उचलावा लागेल."

एकदा मी एकटीच असताना तिचा नंबर लावला. "हॅलो? कोण?" तिने दोनदा विचारलं. मागे बाळ खिदळत होतं. मला शपथ आठवली आणि मी फोन ठेवून दिला.

एप्रिलमध्ये पाळण्याचा समारंभ ठरला. आमच्याकडे पहिल्या बाळाचा पाळणा आईच्या माहेरून यायला हवा. सुताराकडून करवून घ्यायचा, त्यात गादी, दुलई, खेळणी, मिठाई भरायची आणि वाजतगाजत न्यायचा. सबोहतच्या माहेरी एकटे अकाच. त्यांनी गिज्दुवान गावच्या सुताराला तुतीच्या लाकडाचा पाळणा सांगितला. गाद्या-दुलया मी शिवून दिल्या. बायकांचं काम, ते कुणी करायचं? पाळणा आला, तेव्हा अकांनी तो माझ्याकडून दोनदा पुसून घेतला. गाडीची तिकिटंही काढली होती.

समारंभाच्या चार दिवस आधी विहीणबाईंचा फोन आला, माझ्याच टेबलावर. फार सभ्यपणे, व्याह्यांना म्हणतात तसं कुदा-जोन म्हणून बोलल्या. "तुम्ही एवढ्या लांबून त्रास नका घेऊ, कुदा-जोन. पाळणा आम्हीच घेतलाय बाजारातून. छान मिळाला."

"सबोहतला माहिताय?" अकांनी विचारलं.

"तीच आली होती ना पसंत करायला."

"बरं," अका म्हणाले. "बाळाला चांगला लाभो."

त्यांनी फोन जागेवर ठेवला, माझ्या वहीवर पडलेली पेन्सिल उचलून वहीच्या बाजूला नीट ठेवली आणि गेले. मला रडू आलं, ते मी रडून घेतलं.

समारंभाच्या दिवशी सकाळी मी कामावर येत होते, तेव्हा अका जीप काढताना दिसले. अंगावर नवा रेघांचा चोपान म्हणजे लांब अंगरखा, कमरेला रेशमी पट्टा, डोक्यावर काळी-पांढरी टोपी, दाढी केलेली. घरातल्या मंगलकार्याला घालतो तसे कपडे. शेजारचा मेकॅनिक कुंपणापलीकडून ओरडला, "अका, नवरदेव कुठं निघाला?" अका म्हणाले, "कामावर," आणि जीप वाळूच्या रस्त्याला लागली.

तेव्हा भरण्याचा मोसम सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. या वेळी राजधानीने लवकरच भरायला घेतलं होतं. आठ वाजता वायरलेस खरखरला.

"चार नंबर, अडतीस पूर्णांक दोन."

"लिहिलं."

"सात नंबर, अडतीस पूर्णांक सहा."

"लिहिलं."

आमच्या वायरलेसची लाइन उघडी असते. कॉम्प्रेसरवाले, गेटवरचे पहारेकरी, साहेबांची खोली, सगळीकडे ऐकू जातं, आणि तिच्यावर आकड्यांशिवाय काही बोलायला बंदी आहे. मी बटण दाबलं.

"नोरबुता-अका," मी म्हटलं, "आज तुमच्या नातवाला पाळण्यात घालतायत. मुबारक असो."

पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज आला. मी बटणावरचं बोट काढून वाट बघत राहिले. मग कॉम्प्रेसरवरून कुणीतरी म्हणालं, "मुबारक, अका." गेटवरून कुणीतरी म्हणालं. आणखी एक आवाज आला, तो ओळखू आला नाही. मग परत वारा.

शेवटी अकांचा आवाज आला.

"नऊ नंबर," ते म्हणाले आणि थांबले. "नऊ नंबर, जुमरद. जरा थांब. मला गेज नीट दिसत नाहीये."

"सावकाश बघा, अका," मी म्हटलं. "मी आहे."